चितार आळी आणि मंगळवारचा बाजार: सावंतवाडीत खरेदी नीट कशी करावी

सावंतवाडीत एकाच फेरीत दोन बाजार होतात. एक चितार आळीतला, लाकडी खेळणी आणि लाखकामाच्या दुकानांचा, आठवडाभर चालणारा. दुसरा मंगळवारचा आठवडा बाजार, ज्यात आसपासच्या गावांतून मालाच्या पाट्या (टोपल्या) येतात आणि घाटमाथ्यावरून टेम्पो उतरतात. बाहेरून आलेलं गिऱ्हाईक दोन्हीकडे उलटं वागतं. परसातली पालेभाजी घेऊन बसलेल्या आजीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतं, आणि दोनशे मैलांवरच्या कारखान्यातून आलेल्या खेळण्याला ‘हस्तकला’ म्हणून मागतील ती किंमत देतं. हातातली वस्तू कोणी केली किंवा पिकवली हे आधी शोधावं. घासाघीस करायची की नाही, किती करायची, परत आणता येईल का, बिघडलं तर कोणाला धरायचं, या सगळ्याचं उत्तर त्यावर ठरतं.

वार, वेळ आणि हंगाम

सावंतवाडीचा आठवडा बाजार मंगळवारी, कुडाळचा बुधवारी आणि पलीकडे गोव्यात म्हापशाचा शुक्रवारी भरतो. सण वारावर आला तर बाजार पुढे-मागे होतो, म्हणून चतुर्थी, दिवाळी, होळीच्या आठवड्यात आदल्या दिवशी कुणाला तरी विचारून घ्यावं. बाजाराची जागाही शहरात बदलत आली आहे. स्टॅंडवर उतरल्यावर रिक्षावाल्याला ‘आज बाजार खंय बसलो?’ (कुठे बसलाय?) एवढं विचारलं की काम होतं. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, सावंतवाडी रोड स्टेशन शहरात नाही. तिथून रिक्षा किंवा एसटी धरावी लागते, आणि परतताना सामान वाढलेलं असतं.

गावातला माल सकाळी येतो आणि सकाळीच संपतो. आठ ते दहा ही वेळ पाट्यांची: भाजी, गावठी अंडी, सोलं (आमसुलं), फुलं, केळी. अकराला गर्दी चढते. कपडे, भांडी, चपला, प्लास्टिक विकणारे फिरते व्यापारी संध्याकाळपर्यंत बसतात आणि त्यांचा भाव उन्हाबरोबर उतरतो, कारण उरलेला माल पुन्हा टेम्पोत भरणं त्यांना नको असतं. चितार आळीला दुपारी एक ते चारच्या दरम्यान जाण्यात अर्थ नाही. कोकणातलं दुकान दुपारी जेवतं आणि झोपतं, आणि त्याबद्दल कुणी माफीही मागत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: सकाळी आठवडा बाजारातल्या पाट्या, दहा-साडेदहाला चितार आळी, दुपारी जेवण, चारनंतर जड सामान.

हंगामाचं गणित वेगळं. मे महिन्यात आणि चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात चाकरमानी गावी आलेले असतात आणि सगळ्याच वस्तू महागतात. माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या सजावटीचं सामान, कवंडळं, तेरडा, सुपाऱ्यांचे घोस, हवं असेल तर तेव्हाच यावं लागतं. पाट आणि चौरंगही तेव्हाच घ्यायचा हट्ट मात्र कशाला? लाकूड घ्यायला नोव्हेंबर ते मार्च चांगला. हवा कोरडी असते, दुकानदाराला बोलायला वेळ असतो आणि ओलं लाकूड लगेच कळतं. आमसूल आणि सुकी मासळी मात्र मे महिन्यातच, पाऊस लागायच्या आत.

सोबत काय ठेवावं

दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा भरपूर. सकाळी आठ वाजता पाटीवाल्या बाईपुढे पाचशेची नोट धरली तर व्यवहार तिथेच अडतो. यूपीआय बहुतेकांकडे असतं, पण गर्दीत नेटवर्क रखडतं आणि ‘पैसे गेले की नाही’ यावर दोघं ताटकळत उभे राहतात. याशिवाय कापडी पिशव्या दोन, झाकणाचा डबा एक, जुनी वर्तमानपत्रं, सुतळी, मोजपट्टी, छोटा लोहचुंबक, पांढरा सुती रुमाल आणि प्रवासी बॅग मोजायचा लटकता डिजिटल काटा. यातल्या बहुतेकांचं काम पुढे येईल.

घरून आणखी एक आणावं: मापं. देव्हारा जिथे बसवायचा त्या कोनाड्याची रुंदी, खोली आणि उंची, गणपतीच्या मूर्तीच्या बैठकीची लांबी-रुंदी, समईच्या जागेची उंची. पाट मूर्तीच्या बैठकीपेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर मोठा हवा, नाहीतर उचलताना धरायला जागा राहत नाही.

आधी एक फेरी

पहिल्या फेरीत काही घेऊ नये. भाव विचारावा, माल हातात घेऊन पाहावा, पुढे जावं. अपवाद एकच: गावठी, थोडकं, नाशवंत. एका पाटीत पाच जुड्या अळू असेल तर दुसऱ्या फेरीत ते नसणार.

फेरी मारताना विक्रेत्यांचे तीन प्रकार दिसतात. पहिला, जमिनीवर किलतान (गोणपाट) किंवा पान पसरून बसलेला. त्याच्यापुढे चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी थोड्या-थोड्या असतात: दोन फणस, एक पिशवी सोलं, थोडी वाल, केळफूल. एवढी सरमिसळ परसातूनच येते. दुसरा, एकाच मालाचा ढीग आणि एकसारखा आकार. म्हणजे माल घाऊक बाजारातून आलेला. तिसरा, पक्क्या दुकानातला, ज्याच्याकडे पुढच्या महिन्यात परत जाता येतं. पहिल्याला विचारायचा प्रश्न एकच: ‘घरची सोलां आसत काय?’ मालवणी येत नसेल तर ओढूनताणून बोलू नये, ‘घरची आहेत का?’ हेही चालतं. खरंच घरची असतील तर पुढची माहिती न विचारता येते, कुठल्या गावची, कधी वाळवली, यंदा पाऊस लवकर आला म्हणून कमी झाली. विकत आणलेली असतील तर उत्तर ‘चांगली आसत’ असं येतं. दोन्ही उत्तरं प्रामाणिक असू शकतात, पण त्यातून मिळणारी माहिती निराळी.

वजनाची शंका आली तर भांडण्यापेक्षा पाण्याची सीलबंद एक लिटरची बाटली काट्यावर ठेवून पाहावी. पाणी एक किलो आणि बाटलीचे थोडे ग्रॅम, म्हणजे काट्याने एक किलोच्या जरा वर दाखवायला हवं. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी शासकीय पडताळणी होते आणि त्याचा शिक्का काट्यावर असतो. वाटा, पायली, शेकडा अशा मापात मिळणाऱ्या वस्तूंना हा नियम लावता येत नाही. तिथे शेजारच्या दोन वाट्यांची तुलना हेच माप.

लाकूड

इथली खेळणी पूर्वी प्रामुख्याने पांगाऱ्याच्या लाकडाची होत. हलकं, मऊ, हत्याराखाली सहज कापलं जाणारं. आता आंबा, शिवण, साग, फणस आणि काही वस्तूंत प्लायवूड किंवा दाबलेल्या भुशाची फळीही असते. फळी वाईट असं नाही, पण तिची किंमत लाकडाइतकी नसावी. वस्तू उलटी करून न रंगवलेला भाग पाहावा. खऱ्या लाकडात रेषा फळीच्या तोंडावरून कडेला उतरत जातात. प्लायवूडच्या कडेला थर दिसतात, आणि भुशाच्या फळीची कड बिस्किटासारखी एकसंध दिसते.

नंतर वजन. एकाच आकाराची दोन खेळणी दोन हातांत घ्यावीत. एक ठळकपणे जड लागलं तर ते ओलं आहे किंवा वेगळ्या लाकडाचं. ओल्या लाकडाचा त्रास दुकानात दिसत नाही, घरी दिसतो. कोकणातल्या दमट हवेत वाढलेली फळी पुण्यात, सोलापुरात गेली की सुकते. टोकांकडून पाणी लवकर उडतं, मधून हळू, म्हणून चिरा नेहमी टोकांपासून सुरू होतात. दुकानातच फळीच्या दोन्ही टोकांना नखाने चाचपावं. केसाएवढी चीर आज असेल तर ती वाढणार. मेणाने किंवा रंगाने भरलेली चीर रुमालाने घासल्यावर वेगळी चमकते.

पाट आणि चौरंगाला चार परीक्षा. सपाट फरशीवर ठेवून कोपरे दाबावेत, डुगडुगता कामा नये. वरची दोन्ही कर्णांची मापं मोजपट्टीने घ्यावीत, ती सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. खालून पाय पाहावेत: फळीत भोक पाडून, पाचर मारून बसवलेत की नुसते खिळे ठोकलेत? खिळ्यांचा चौरंग दोन चतुर्थ्यांत हलू लागतो, कारण लाकूड दरवर्षी फुगतं-सुकतं आणि खिळ्याभोवतीचं भोक सैल होतं. चौथी परीक्षा ड्रॉवर असलेल्या वस्तूंची. पावसाळ्यात घेताना ड्रॉवर थोडा घट्ट असावा, उन्हाळ्यात सहज सरकावा. पावसात लोण्यासारखा सरकणारा ड्रॉवर मे महिन्यात खडखडणार.

रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून आतल्या बाजूला दहा वेळा घासावा. रंग उतरला तर तो लहान मुलाच्या तोंडात जाणार. चरकावर (लाकूड गरगर फिरवायच्या यंत्रावर) फिरवून लावलेल्या लाखेत ब्रशच्या रेघा नसतात, चकाकी खोलवर असते आणि रंगाचे पट्टे गोल, सलग असतात. ब्रशने रंगवलेल्या वस्तूत खाचांमध्ये रंग साचलेला दिसतो. दोन्ही चांगले असू शकतात. पण कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणीही कोकणातल्या कपाटांत दिसतात, म्हणून ‘हे इथे केलेलं की आणलेलं?’ हे थेट विचारावं. चांगला दुकानदार चिडत नाही. फळांचा संच, भाज्या, भातुकली, बैलगाडी यांची इथली परंपरा जुनी आहे. काही दुकानांच्या मागच्या बाजूला काम चालतं, मालकाने परवानगी दिली तर दोन मिनिटं पाहावं. कोणती वस्तू स्वतः करतात हे तिथेच कळतं.

खेळण्यांवरच्या आयएसआय चिन्हाबद्दल गोंधळ असतो. 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे, पण हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना सूट आहे. त्यामुळे हाताने केलेल्या लाकडी बैलगाडीवर चिन्ह नसेल तर लगेच संशय घेऊ नये. बाजारातल्या प्लास्टिकच्या मोटारीवर नसेल तर मात्र ती तिथेच ठेवावी. चिन्ह असो-नसो, तीन वर्षांखालच्या मुलासाठी घेताना चाक, दांडी, मणी ओढून पाहावेत. सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा लहान कोणताही सुटा होणारा भाग धोक्याचा. भंगारात किंवा जुन्या बाजारात मिळणारी रंगीत खेळणी तान्ह्याला देऊच नयेत. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही.

जुना देव्हारा किंवा पेटी मिळत असेल तर किडीची तपासणी आधी. पिनाच्या डोक्याएवढी गोल भोकं, त्याखाली पिठासारखी बारीक पूड. जुन्या बंद झालेल्या किडीची भोकं काळवंडलेली असतात आणि झटकल्यावर पूड येत नाही. ताजी पूड फिकी, स्वच्छ आणि झटकताच पुन्हा गळणारी. अशी वस्तू कितीही देखणी असली तरी घरात आणली की ती किडीसकट येते. वाळवीसाठी तळाच्या कडा टोचून पाहाव्यात, मऊ लागून पोकळ वाजल्या तर सोडून द्यावं.

गंजिफा

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे, म्हणजे जुन्या खेळाचे, गोल पत्ते आजही हाताने रंगवले जातात. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही मरू घातलेली कला पुन्हा उभी केली. दशावतारी संच 120 पत्त्यांचा: दहा अवतारांचे दहा रंग (पत्त्यांचे गट), प्रत्येकात बारा पत्ते, राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मोगल गंजिफा 96 पत्त्यांचा, आठ रंगांचा. पूर्ण संच घेताना दुकानातच बारा-बाराचे गठ्ठे लावून मोजावेत. एक पत्ता कमी असेल तर नंतर तो जुळवून रंगवून घेणं अवघड आणि महाग.

छापील आवृत्त्याही मिळतात आणि खेळायला त्या चांगल्याच. फसगत होते ती छापील पत्ता हाताचा समजून घेतल्यावर. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून पाहावं: छपाईत रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो, हाताच्या कामात सलग आणि थोडा कमी-जास्त जाडीचा. मत्स्य अवताराच्या रंगातले दोन मासे शेजारी धरले तर हाताच्या कामात ते कधीच तंतोतंत सारखे नसतात. हाताच्या संचावर घासाघीस करू नये. एवढे पत्ते रंगवायला लागणारे दिवस किमतीत धरले तर ती तशी कमीच असते. राजवाड्याला भेटीच्या ठरलेल्या वेळा आहेत, दुपारी बंद असतो, तेव्हा सकाळच्या फेरीतच ते उरकावं.

पितळ, तांबं, कासं

भांड्यांच्या दुकानात नवी पितळी वस्तू वजनावर मिळते, जुनी कधी वजनावर तर कधी ‘उचल भाव’ म्हणजे नगावर. खिशातला लोहचुंबक इथे कामाला येतो. पितळ, तांबं, कासं यांना तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आणि वर मुलामा. पण समईच्या फक्त मधल्या दांड्याला चिकटला तर आत लोखंडी सळई असू शकते, तेव्हा प्रत्येक भाग वेगळा तपासावा.

समई उलटी करावी. बैठकीच्या तळाला सिमेंट किंवा लाखेचं भरण असेल तर ती स्थिर उभी राहते खरी, पण तुम्ही सिमेंटला पितळेचा भाव देता. भाग फिरवून उघडावेत. आटे झिजलेले असतील तर तेल पाझरतं आणि वरची वात तिरकी होते. जुळवाजुळव करून दोन समयांची एक केलेली असते, तेव्हा भागांचा रंग आणि नक्षीची खोली सारखी आहे का पाहावं.

कळशी, तांब्या, घंगाळ यांत पाणी भरून वर्तमानपत्रावर पाच मिनिटं ठेवावं. पाझर असला तर कागद सांगतो. डाग देऊन बुजवलेली भोकं आतून फुगीर, करड्या रंगाची दिसतात. शोभेसाठी चालेल, पाण्यासाठी नको. स्वयंपाकासाठी घेत असाल तर आतली कल्हई पाहावी. मधूनमधून पिवळा रंग उघडा पडला असेल तर कल्हई करून घेतल्याशिवाय त्यात काही शिजवू नये, विशेषतः आमसुलाचं किंवा चिंचेचं. आंबट पदार्थ उघड्या पितळेतलं तांबं ओढून घेतो, पदार्थ कळकतो. कल्हईचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा. कासं ओळखायला काठाला नखाने टिचकी मारावी, नाद लांबत जातो. पितळेचा लवकर विझतो. तडा गेलेली वस्तू खरखरते.

लटकत्या काट्यावर वस्तू स्वतः मोजून घ्यावी आणि बिलावर वजन, धातू आणि दर तिन्ही लिहून घ्यावेत. पुढे मोडीत द्यायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी.

जुन्या मूर्ती, देवळातली लाकडी शिल्पं, दगडी दिवे यांच्या वाटेला जाऊ नये. पुरावस्तूंविषयीच्या 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुन्या अशा वस्तू विकायला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. ‘आजोबांच्या काळची’ एवढी हमी पोलिसांपुढे टिकत नाही.

मडकी, विळी, कोयता

मातीचं भांडं टिचकीने वाजवावं, खणखणीत वाजलं तर पक्कं भाजलेलं. बद्द वाजलं तर कच्चं किंवा तडकलेलं. घरी आणल्यावर थेट गॅसवर ठेवू नये, बहुतेक भांडी इथेच फुटतात. चोवीस तास पाण्यात बुडवावं, सावलीत अर्धा दिवस सुकवावं, मग पाऊण भरून भाताची पेज मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं तापवावी आणि त्याच भांड्यात थंड होऊ द्यावी. पेजेतला स्टार्च बारीक छिद्रं भरतो. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतायचं नाही, ओल्या ओट्यावर ठेवायचं नाही.

विळीची खवणी बोट न लावता, ओल्या नारळाच्या तुकड्यावर घासून पाहावी. दाते एकसारखे उभे हवेत. पाट पायाखाली दाबून बसल्यावर हलता कामा नये. कोयत्याचा दांडा पात्याच्या शेपटीवर रिबीट मारून बसवलेला घ्यावा, नुसता ठोकलेला दांडा ओल्या लाकडावर निसटतो. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून परत जाणार असाल तर विळी-कोयता फक्त चेक-इन सामानात.

काजू, सोलं, सुकी मासळी

काजूवर डब्ल्यू 180, 210, 240, 320 असे आकडे असतात. तो एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात त्याचा आकडा. म्हणून 100 ग्रॅममध्ये 320 चे साधारण 66 ते 70, 240 चे 48 ते 53 आणि 180 चे 37 ते 40 गर भरायला हवेत. 240 च्या भावाने घेताना पाव किलोतले 50 ग्रॅम मोजले तरी खेळ उघडा पडतो: पंचवीसच्या आसपास आले पाहिजेत, तेहतीस भरले तर ते 320 आहेत. चुरा, अर्धे तुकडे वेगळे विकले जातात आणि भाजीला तेच स्वस्त पडतात. भारतातल्या काजू कारखान्यांत आफ्रिकेतला कच्चा माल मोठ्या प्रमाणावर फोडला जातो, त्यामुळे ‘गावठी’ हवा असेल तर सालासकटचा, हंगाम संपता-संपता मे महिन्यात, ओळखीच्या घरातून घ्यावा. चव पाहताना एक नव्हे, तीन गर वेगवेगळ्या जागेवरचे घ्यावेत. खवट एक असतो आणि तो नेमका तळाशी असतो.

सोलं म्हणजे रातांब्याची (कोकमाच्या फळाची) साल मिठाबरोबर रातांब्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेली. पुटं कमी दिली की फिकी आणि कमी आंबट होतात. बोटांत दाबल्यावर लवचिक, जांभळट-काळी आणि किंचित चिकट हवीत. मोडली तर जुनी. पांढरे चमकते खडे मीठ असतं, पण पांढरट लव आणि कुबट वास ही बुरशी. कोकम सरबत आणि आगळ वेगळे: सरबतात साखर असते, आगळ खारट रस असतो आणि सोलकढीला तोच लागतो. बाटलीवरच्या घटकांत पहिलं नाव साखरेचं असेल तर ते सरबत. पॅकबंद बाटलीवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, वजन, किंमत आणि तारीख हवी. घरगुती बाटलीवर यातलं काही नसेल तर निदान कधी भरली ते विचारावं.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, म्हणून बेगमीची सुकी मासळी मे महिन्यात घेतात. बोंबील वाकवल्यावर कडक हवा. मऊ असेल तर आत ओल आहे आणि पंधरा दिवसांत अळ्या पडतील. खाऱ्या माशावर गुलाबी ठिपके दिसले तर घेऊ नये, ती बिघाडाची सुरुवात आहे. झणझणीत अमोनियाचा वास आणि खाऱ्या मासळीचा वास यांतला फरक पहिल्या खरेदीत कळत नाही, ओळखीच्या माणसाला सोबत न्यावं. घरी आणून दोन-तीन दिवस कडक उन्हात तापवून, पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात. गरम असताना झाकण लावलं तर आत पाणी सुटतं.

कपडे

थोडक्यात. कोकणातल्या दमट हवेत पडून राहिलेल्या सुती कापडावर बुरशीचे बारीक करडे ठिपके येतात, घडीच्या आतल्या बाजूला. पूर्ण घडी उलगडून उजेडात पाहावी. रंग ओल्या रुमालाने तपासावा. पाचवारी साडीला साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस वेगळा, नऊवारीला सव्वाआठ मीटरच्या जवळपास. मोजपट्टीने मोजायला लाजू नये. शिवलेला सुती कपडा एक बोट सैल घ्यावा, पहिल्या धुण्यात आटतो.

जे घेऊच नये

मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर शोभेची प्रवाळं, वाळवलेले समुद्रघोडे, कासवाच्या पाठीचे तुकडे दाखवले जातात. हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, विकणारा आणि घेणारा दोघंही अडचणीत येतात. काही मोठे शंख-शिंपलेही त्याच यादीत आहेत. कोणते ते ओळखता येत नसेल तर सगळेच सोडून द्यावेत.

म्हापसा आणि हणजूण

सावंतवाडीहून शुक्रवारी म्हापशाला जाणं सहज जमतं. तिथे मसाले, चोरीस (गोव्याचं सॉसेज), रोपं, खेड्यातून आलेली भाजी आणि गाद्या-भांड्यांच्या ओळी, सगळं एकाच जागी. सकाळी लवकर पोचावं. गोव्यातलेच हणजूणचा (अंजुना) बुधवारचा आणि हडफड्याचा (आरपोरा) शनिवारी रात्रीचा बाजार वेगळ्या जातीचे, पर्यटकांचे आणि पाऊस संपल्यावरच्या मोसमातले. तिथे पहिली सांगितलेली किंमत ही किंमत नसते. निम्म्यापासून सुरुवात करून साठ-पासष्ट टक्क्यांवर थांबलं तरी विक्रेता खूश असतो. तीच सवय घेऊन मंगळवारी सावंतवाडीत पाटीपुढे बसू नये.

घासाघीस

पाटीवाल्यांशी किमतीऐवजी मापावर बोलावं: ‘वयनी, वायच (थोडं) वर घालाल?’ एक मूठ सोलं किंवा दोन लिंबं वर मिळतात, कुणाचा अपमान होत नाही. फिरत्या व्यापाऱ्याशी खुशाल घासाघीस करावी, आणि एकच वस्तू न घेता तीन घेऊन करावी. कारागिराच्या दुकानात किंमत पाडायला न सांगता दोष दाखवून विचारावं: ‘या चौरंगाची ही कड तासून द्याल का?’ त्याला ते जमतं आणि आवडतं. आगाऊ ऑर्डर देताना माप, लाकूड, रंग, तारीख आणि दिलेली रक्कम चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. चतुर्थीचं काम निदान दोन महिने आधी सांगावं. छापील किमतीपेक्षा जास्त मागितलं किंवा पॅकबंद माल खराब निघून दुकानदार ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

बांधाबांध

जड आणि कडक तळाला, लाकूड मधे, मातीचं सगळ्यात वर आणि हातात. मडक्याच्या पोटात वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरावेत, रिकामं भांडं धक्क्याने लवकर फुटतं. रंगवलेल्या खेळण्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. उन्हात तापलेल्या गाडीत रंग मऊ होऊन प्लास्टिक चिकटतं आणि सोलताना पापुद्रा निघतो. सुती फडकं किंवा कोरा कागद वापरावा, छापील कागदाची शाई फिक्या रंगावर उमटते. सुकी मासळी दोन पिशव्यांत घालून झाकणाच्या डब्यात ठेवली नाही तर एसटीतले सहप्रवासी बोलून दाखवतात.

घरी पोचल्यावर पाट, चौरंग, देव्हारा दोन आठवडे सावलीत, भिंतीपासून हात दोन हात दूर, जमिनीवर दोन पट्ट्या टाकून त्यावर ठेवावा. पंख्याखाली, एसीपुढे किंवा उन्हात नाही. टोकांना मेण किंवा जवसाच्या तेलाचा हलका हात दिला तर पाणी हळू सुटतं आणि चिरा कमी पडतात. तेलाचं फडकं मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं, ते दोरीवर उघडं पसरून वाळवावं.